टोपीवाल्या बाईचं मत

४ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद. मागच्या पत्रातले शिल्लक असतील तर तेच वापर, रोज नवे कुठून आणू.

पत्रास कारण तूच. बटणचं पत्र आलं. नात माझी, आणि पहिल्या ओळीत ‘धाकटी आजी’, तिसऱ्या ओळीत ‘धाकटी आजी’, आणि माझी आठवण पान उलटल्यावर, ‘तुझे गुडघे कसे आहेत’ एवढीच. म्हणजे तू माणूस आणि मी गुडघे.

रविवारी तुम्ही दोघींनी तो ज्युरीचा जुना काळा-पांढरा सिनेमा पाहिला म्हणे, आणि ‘धाकटी आजीने इतका छान उलगडून सांगितला’. उलगडून? तू? आपण दोघी त्या टॉकीजमध्ये कामाला होतो तेव्हा तू बाहेर खिडकीत बसून तिकिटं विकायचीस. सिनेमा आत चालायचा. आत मी होते, टॉर्च घेऊन. उशिरा येणाऱ्यांना अंधारात खुर्ची दाखवता दाखवता तो सिनेमा माझ्या हाडात मुरलाय.

म्हणशील तर आत्ता सांगते. बेकरीचा नोकर पिंजऱ्यात उभा. बेकरीला आग लावून मालकाला मारलं असा आरोप. समोरच्या खिडकीतल्या म्हातारीने त्याला पळताना पाहिलेलं. न्यायाधीश नऊ पंचांना एका खोलीत बसवतो आणि सांगतो, नवांचं एक मत झाल्याशिवाय दार उघडणार नाही. खोलीत एक टेबल, एक शेगडी, खुर्च्या. खाटीक घड्याळ हातात घेऊनच बसलेला, त्याला गाडी पकडायची असते. दोषी म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हणतात, तर आठ हात वर. आणि ती टोपीवाली बाई हातमोजे मांडीवर ठेवून नुसती बसून. ‘माझा हात वर होणार नाही,’ एवढंच म्हणते. ओरडत नाही, रडत नाही, कारण सांगत नाही. आठ बाप्ये तिला समजावतात, दरडावतात, खाटीक टेबलावर मूठ आपटतो. ही आपली शेगडीकडे बघत बसते. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही, आरशातली सोडून.

हा सिनेमा मी बटणसाठी राखून ठेवला होता. शिक्षण संपवून ती घरी आली की शेजारी बसवून दाखवणार होते. तो तू उष्टावलास.

तिचे केसही कापलेस म्हणे. तिच्या डोक्याला तेल मी लावत होते, ते विचारायला तरी हवं होतंस.

असो. मार्चअखेर तिचं कवळ्या बनवायचं शिक्षण संपतंय. तिला नीट गाडीत बसवून दे. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरशी माझं बोलणं झालंय, तो तिच्यासाठी मागची खोली रिकामी करतोय.

फोन करत नाही कारण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो. कागदावर तुला माझं ऐकून घ्यावंच लागतं.

तुझी, नाइलाजाने,
ताई


११ जानेवारी

ताई,

नमस्कार. आशीर्वाद पोचले. जरा कोपरे मोडलेले होते, वाटेत आपटले असतील.

केस मी कापले नाहीत. लॅबमध्ये दिवसभर प्लॅस्टरचा धुरळा उडतो, तो केसांत बसतो, म्हणून तिने परस्पर जाऊन कापून घेतले. मला दारात उभी राहून विचारलं, ‘कशी दिसते?’ मी म्हटलं, तुझ्या आजीला कळल्यावर मी कशी दिसेन ते बघ.

सिनेमाचं म्हणशील तर मी काही फार उलगडलं नाही. ती खाली सतरंजीवर, मी खुर्चीत. मध्ये मध्ये तिने विचारलं, मी सांगितलं. गंमत सांगते. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि मी उठून दूध तापवायला गेले. बटण म्हणाली, ‘अगं बस ना, संपतोय.’ पण पाय ऐकेनात. पुढच्या खेळाची खिडकी उघडायची वेळ झाली की उठायचं, ती सवय अजून जात नाही. आता घरी कोण तिकीट मागणार आहे? पण उठले.

तुझ्या टॉर्चचा मला किती हेवा वाटायचा ते तुला माहीत नाही. तुला गणवेश होता, पितळी बटणांचा. माणसं तुझ्यामागे मुकाट चालायची. मला फक्त हात दिसायचे, खिडकीच्या भोकातून आत आलेले. आख्खं तरुण वय गेलं, मी गावाचे नुसते हात ओळखते.

आता खरं काम. बटण तुला लिहीत नाही म्हणून मी लिहिते. लॅबच्या बाईंनी तिला कायम ठेवून घ्यायचं म्हटलंय. एवढ्या जणांत दोघांनाच. तिचा हात फार नाजूक चालतो, खोट्या दाताला खऱ्यासारखी झीज देते, बघणाऱ्याला कळत नाही. पण निघताना तिने तुला शब्द दिला होता, दोन वर्षांनी परत येईन म्हणून. ती म्हणते, आजीने शब्दातून सोडवलं तरच मी हो म्हणेन, नाहीतर नाही. फेब्रुवारी संपायच्या आत बाईंना कळवायचंय.

तिच्यात तुला विचारायची हिंमत नाही. माझ्यातही नाही, पण मी लांब राहते.

तुझी धाकटी


१९ जानेवारी

धाकटे,

नाही.

हे तू एका ओळीत पाठवलं असतंस, पण मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, कारण सांगते.

तुझं पत्र जेवायला बसल्यावर मुलाने मोठ्याने वाचलं. बापच तो, लेकीचं कौतुक झालं की विरघळतो. म्हणाला, राहू दे तिला तिथे. सूनबाई म्हणाली, राहू दे. दोघं आयुष्यभर कारखान्यात पाळीवर गेले, पोर घरात कधी आली आणि कधी गेली त्यांना काय कळतंय. खालची शिंपीण सुई मागायला वर आली होती, तिला कुणी विचारलं नव्हतं, तीही म्हणाली, राहू दे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे हातमोजे नाहीत, म्हणून मी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हटलं, माझा हात वर होणार नाही.

मुलगा म्हणाला, ‘आई, कारण तरी सांग.’ मी भिंतीकडे बघत बसले. आमच्याकडे शेगडी नाही.

त्या बाईला काय वाटलं असेल ते त्या दिवशी मला कळलं. सगळे एकीकडे आणि आपण एकटी, पण बरोबर. फार बरं वाटतं. जेवण गार झालं तरी बरं वाटतं.

तुला काय, तुझं बरं चाललंय. आयतं पोर मिळालं. गोवर मी काढला. शर्टाचं बटण गिळून निळी पडली तेव्हा उलटी धरून पाठीत मी मारलं, म्हणून तर तिचं नाव बटण पडलं. दात पडले ते मी ठेवले, दात आले ते मी मोजले. आता बाई शहाणी झाली, कमवायला लागली, हसायला लागली, आणि झाडाची सावली तुझ्या अंगणात. रविवारी सिनेमा बघता. दूध तापवतेस. मला सांग, ती साय खाते का अजून? की तेही बदललंस?

डॉक्टरने खोलीला रंगही दिलाय.

ताई


२७ जानेवारी

ताई,

साय खात नाही. बाजूला काढते आणि म्हणते, ही आजीची. मग ती मी खाते. तुझ्या नावाची साय खाऊन माझं वजन वाढलंय, डॉक्टर रागावला.

‘आयतं पोर’ हे तू लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं आणि मग कपडे धुवायला घेतले. मला मूल झालं नाही हे तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. नवरा गेल्यावर या घरात मी एकटीचा चहा टाकायचे तेव्हा भांड्याचा आवाज केवढा व्हायचा. आता होत नाही. एवढंच माझं आयतं.

आणि ऐक, तू जळतेस तर मी काय गार पाण्यात बसलेय? मागच्या आठवड्यात तिला ताप आला. मी उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला. डोळे मिटलेले, तशीच म्हणाली, ‘आजी, तुझा हात आज असा गार कसा?’ मी हात काढला नाही. मी ती नाही हेही सांगितलं नाही. दुपारभर तुझ्या नावावर बसून राहिले. ताप उतरला, तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘अगं, तू होय.’ काही वाईट नाही म्हणाली. पण ‘तू होय’ म्हणाली.

दोन वर्षं दूध तापवल्यावर मी ‘तू होय’ आहे. आता सांग कुणाच्या अंगणात काय आहे ते.

तिच्या टेबलावर तुझ्या तोंडाचा साचा आहे, मे महिन्यात सुट्टीला तुझ्याकडे आली होती तेव्हा तुझ्या हिरड्यांचं माप घेतलेलं. लॅब सुटल्यावर येते आणि त्याच्याशी काहीतरी करत बसते. जीभ दातांत धरून, तू सुईत दोरा ओवताना करतेस तशी. मी विचारलं तर हाताने झाकते.

तुझ्या टोपीवाल्या बाईबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. मध्यंतरानंतरचं जरा आठवून बघ.

तुझी धाकटी


३ फेब्रुवारी

धाकटे,

ताप आला आणि मला आता कळवतेस? उतरल्यावर? पत्र कशाला लिहिलंस, दगडावर कोरून ठेवायचं होतंस. तुझा हात गारच आहे, लहानपणापासून, शेजारी झोपायचीस तेव्हा माझ्या पोटावर टाकायचीस आणि मी दचकून उठायचे. तापाला गार हातच बरा असतो म्हणा. ते जाऊ दे.

माझ्या बोळक्याचा साचा तुझ्या घरात, टेबलावर, उघडा! मला सांगितलं होतं की सरावासाठी घेते. सराव झाला, मग फेकून का दिला नाही? तुझ्याकडे येणारी-जाणारी शेजारीण बघत असेल, ‘हे काय’ म्हणून विचारत असेल, आणि तू सांगत असशील, हे माझ्या ताईचं तोंड, जन्मभर असंच उघडं होतं. बटणही हसत असेल. तू विचारलंस की तिने हाताने झाकावं, म्हणजे तिथे काहीतरी थट्टाच चाललीय. माझी आत्ताची कवळी सैल आहे, बोलताना टकटक वाजते, सूनबाई मान खाली घालून हसते, ते मला दिसतं. आता शहरातूनही हसू येतंय.

आणि मध्यंतरानंतरचं मला काय आठवायला सांगतेस? मला? ती बाई हलत नाही, बस. एकेक करून सगळे तिच्या बाजूला येतात. नोकर सुटतो. बाकीचे कोट चढवून निघून जातात आणि ती सगळ्यांत शेवटी उठते. सावकाश. एक हातमोजा, मग दुसरा हातमोजा. जिंकलेली बाई घाई करत नाही. रोज पडदा ओढताना बघायचे मी ते, आणि घरी जाताना तशीच चालायचे, तुला आठवत असेल. तू मागे राहायचीस आणि म्हणायचीस, ताई, लवकर चल.

तेव्हा उत्तर तेच. घरातले अजून तोंड वाकडं करून जेवतात. वाकडं तर वाकडं. एक दिवस येतील माझ्या बाजूला, त्या आठांसारखे.

बटणला सांग, आजीने शब्द सोडवलेला नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. ‘बरं’ म्हणाली. मग भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

लॅबच्या बाईंना ती अठ्ठावीस तारखेला नाही म्हणून सांगणार आहे. आपली हत्यारं तिने कापडात गुंडाळायला घेतलीत. लहान लहान सुऱ्या, घासण्या, एक ब्रश, त्याला इनमिन चार केस. मला म्हणाली, ‘आजी एकटी पडली असेल, माझंच चुकलं.’ तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही लिहून टाकते.

म्हणजे ती येतेय. जिंकलीस. आता घाई करू नकोस, सावकाश एकेक हातमोजा घाल.

पण त्याआधी एक ऐक. पहिल्या पत्रातच सांगणार होते, सांगितलं नाही, कारण मनात आलं की एक तरी गोष्ट अशी असू दे जी माझ्याकडे आहे आणि ताईकडे नाही.

तू तो सिनेमा पाहिलेला नाहीस.

रागावू नकोस, आठव. मध्यंतर झालं की मॅनेजर तुला मागच्या फाटकावर उभं करायचा. तिकडून फुकटे आत घुसायचे, आणि तो म्हणायचा, हिच्या तोंडापुढे कुणाची टाप नाही. संपायची घंटा वाजली की तू धावत आत यायचीस, पडदे ओढायला आणि दारं उघडायला. मध्यंतरापर्यंतचा भाग आणि अगदी शेवटचा घास, एवढंच तुझ्या ताटात पडलं. मधलं मी पाहिलं. खिडकी बंद झाली की मी शेवटच्या रांगेत येऊन बसायचे, रोज, पुढच्या खेळाची वेळ होईपर्यंत.

घरी जाताना मी सांगायला लागले की तू म्हणायचीस, ‘मला माहीत आहे, मी आतच होते.’ मग मी गप्प बसायचे. मोठ्या बहिणीपुढे गप्प बसणं हे माझं दुसरं काम होतं, त्याला पगार नव्हता.

ती बाई हात का वर करत नाही ते मी तुला सांगणार नाही. माझ्या तोंडून ऐकलंस तर म्हणशील, धाकटीने रचलं. सूनबाईला सांग, टीव्हीवर लावून देईल. बघ. आणि मग हवं तर बटणला बोलावून घे.

तुझी धाकटी


१६ फेब्रुवारी

धाकटे,

पाहिला.

सूनबाई कामावर होती, म्हणून शिंपिणीने लावून दिला, आणि मग जायलाच तयार नाही, हातात कुणाच्या तरी बाह्या घेऊन शेजारी बसली. त्यात मध्यंतरच नाही. तरी जिथे पूर्वी दिवे लागायचे तिथे मी उठले. शिंपीण म्हणाली, ‘कुठे निघालात?’ मी म्हटलं, ‘फाटकावर.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मुलाला बोलवावं लागतंय, आणि खांदा धरून मला खाली बसवलं. तू बरोबर लिहिलंस. पाय ऐकत नाहीत. पुढचं चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेगडीत नवे कोळसे येतात. कुणीतरी चहा आणून देतं. त्या आठांतला एक म्हातारा आपल्या कबुतरांच्या गोष्टी सांगायला लागतो, दुसरा त्याला हसतो, आणि ती बाई, धाकटे, ती टोपी काढून बाजूला ठेवते. टोपी काढते! मला वाटायचं ती टोपी तिच्या डोक्यावर उगवलेली आहे. गालात हसते, कबुतरांची नावं विचारते. मग तो खाटीक वैतागून म्हणतो, बाई, तुमचं म्हणणं तरी काय, तो निर्दोष आहे की नाही? आणि ती म्हणते, ‘मला माहीत नाही. मी हात वर केला असता तर तुम्ही सगळे घरी गेला असता. माझ्या घरी शेगडी पेटवलेली नसते.’

शिंपीण बाह्यांत तोंड खुपसून रडली. मी नाही. माझं डोकं तापलं. इतकी वर्षं जिला डोक्यावर घेऊन नाचले, जिच्यासारखी चालले, ती एका माणसाला पिंजऱ्यात उभा ठेवून कबुतरांच्या गोष्टी ऐकत बसली होती. मी टीव्हीला शिवी दिली. शिंपीण म्हणाली, ‘तुमचं तर ते आवडतं पात्र ना?’ मी म्हटलं, तू बाह्या शिव.

तू मला हे पहिल्या पत्रात सांगितलं नाहीस, चष्मा मांडीवर ठेवल्याचं मी लिहिलं तेव्हाही नाही. वाचताना हसली असशील. हसली नसशील तर ते त्याहून वाईट.

मग ती शरमून हात वर करते. आता नऊ हात होणार, नोकर फासावर जाणार, सगळे सुटणार. तर खाटकाचा हात खाली! ज्याची गाडी केव्हाच निघून गेलीय त्याचा. म्हणतो, बाईने बसवलं म्हणून बसलो, आणि बसलो म्हणून डोक्यात आलं. बेकरीत जळक्या टेबलाखाली उद्याचं पीठ मळून, ओलं फडकं घालून ठेवलेलं सापडलं होतं. ज्याला बेकरी जाळायची तो उद्याचं पीठ मळून ठेवेल का?

तिथे मी थांबव म्हटलं. उठून पाणी प्यायले.

धाकटे, साच्याचं मी जे लिहिलं ते फाडून टाक. दिवसभर लोकांचे दात घडवून पोर घरी येते आणि परत माझ्या हिरड्यांशी बसते. जीभ दातांत धरून. तू लिहिलं होतंस, मीच नीट वाचलं नाही. जिला मला सोडून जायचंय ती माझे दात कशाला घडवत बसेल? पीठ मळून ठेवलंय तिने, टेबलावर, झाकून. आणि मी समोरच्या खिडकीतल्या म्हातारीसारखी साक्ष देत बसले की मी तिला पळताना पाहिलं.

आता तू ऐक. शेवटची पाच मिनिटं तू कधी पाहिलेली नाहीस, आत्ताही दूध तापवायला उठलीस. ती माझ्याकडे आहेत. अजून पुरवून पुरवून जळवलं असतं तुला, पण देऊन टाकते.

नोकर सुटतो. सगळे कोट चढवतात, आपापल्या घरी पळतात. ती एकटी राहते. एक हातमोजा, मग दुसरा हातमोजा. ती सावकाश का घालते ते आता मला कळलं, जिंकण्याशी त्याचा काही संबंध नाही. तेवढ्यात खाटीक परत येतो. छत्री विसरलेला असतो. छत्री घेतो, पण जात नाही. पायाने दार अडवून उभा राहतो. ती त्याच्याकडे बघते. तो म्हणतो, ‘चला बाई. दार किती वेळ धरू?’

संपला. तेव्हा या वाक्याला मी पडदे ओढत असायचे, आणि मला वाटायचं तो तिला हाकलतोय.

बटणला सांग, सोडवलं. अठ्ठावीस तारखेला तिने हो म्हणायचं. ती हत्यारं कापडातून काढ, गंजतील. गल्लीतल्या डॉक्टरला मी सांगून आले, तो म्हणाला खोलीला रंग दिला होता, मी म्हटलं बरं झालं, घाण दिसत होती. घरात सांगितलं तेव्हा मुलाने दुसऱ्यांदा भात घेतला. हे तुझ्यामुळे झालेलं नाही, खाटकामुळे झालंय, उगीच शेफारू नकोस.

दोन गोष्टी आहेत. शिंपीण सांगते, हिरड्या दर वर्षी बदलतात, माप पुन्हा घ्यावं लागतं. ते पत्राने होत नाही. तेव्हा बटणला यावं लागेल, दर सुट्टीत, आणि ते दात स्वतः माझ्या तोंडात बसवून द्यावे लागतील.

दुसरी, तिला एकटी पाठवू नकोस. तू पण ये. शिंपिणीकडून खालची शिलाईची खोली रिकामी करून घेतलीय. साय माझी मी खाईन. मी जळायची ती जळणारच, या वयात ते कुठे जातंय, पण जळायला माणूस समोर असलेलं बरं. लांबून फार धूर होतो.

कुठल्या गाडीने येताय ते कळव. स्टेशनवर येणार नाही, गुडघे आहेत. घरी असेन. फक्त वेळ नीट लिही, म्हणजे दार किती वेळ धरून ठेवायचं ते कळेल.

ताई